चुकलेल्या उत्तराला बरोबरची खूण

हिवाळ्यातला आल्प्स पर्वत. रात्रभर हिम पडून सकाळी स्वच्छ ऊन आले आहे. पलीकडची दरी गाठायची तर समोरचा उतार ओलांडावा लागणार आहे. वरून तो गादीसारखा मऊ आणि शांत दिसतो. त्यावर पाऊल टाकायचे, की मागे फिरायचे?

या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माणसांनी शंभराहून अधिक वर्षे घालवली आहेत. महाराष्ट्रात हिम पडत नाही, मग आपल्याला हा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. पण हा इतिहास हिमाचा आहे तसाच शिकण्या-शिकवण्याचाही आहे, आणि त्याचा शेवटचा भाग तर आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो.

पूर्वी हिवाळ्यात उंच डोंगरावर जायचे कारणच नसे. हिमस्खलनच गावावर येई. स्वित्झर्लंडमधील अँडरमाट या गावाच्या वरच्या उतारावर जंगलाचा एक तुकडा आहे. त्यातले झाड तोडायला १३९७ सालापासून बंदी आहे, कारण ती झाडे हिमाला उतारावर धरून ठेवतात. भौतिकशास्त्र माहीत नसताना गावकऱ्यांनी अनुभवातून काढलेला हा निष्कर्ष होता. एकोणिसाव्या शतकात स्विस सरकारचे वनाधिकारी योहान कोआझ यांनी गावोगावच्या हिमस्खलनांच्या नोंदी जमवल्या आणि १८८१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. हिमस्खलन कुठे आणि केव्हा होते हे त्यामुळे कळू लागले. ते का होते, हे मात्र कळायचे होते.

त्याच सुमारास नॉर्वेतून स्की आल्प्समध्ये आल्या. १८९७ साली विल्हेल्म पाउल्के आणि त्यांच्या सोबत्यांनी स्कीवरून बर्नच्या उंच डोंगराळ प्रदेशाची सफर केली. आता माणूस आपण होऊन हिमाच्या उतारावर जाऊ लागला. पुढे पहिल्या महायुद्धात सैन्येच्या सैन्ये हिवाळाभर डोंगरावर राहिली. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रियन सैन्याची छावणी हिमाखाली गाडली गेली आणि अडीचशेहून अधिक सैनिक मरण पावले. जागा धोक्याची आहे असे तिथल्या अधिकाऱ्याने आधीच वरिष्ठांना कळवले होते. छावणी हलवली गेली नाही. धोका माहीत असणे आणि त्याप्रमाणे वागणे या दोन गोष्टींमधले अंतर पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून ही घटना लक्षात ठेवू.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर दावोस या गावाजवळ मिळू लागले. तिथे वाइसफ्लूयोख या ठिकाणी, २,६०० मीटरहून अधिक उंचीवर, १९३६ साली एका लाकडी झोपडीत काही संशोधक काम करू लागले. स्फटिकांचे अभ्यासक हेन्री बाडर आणि जमिनीच्या थरांच्या मजबुतीचा अभ्यास करणारे अभियंते रोबर्ट हेफेली हे त्यांतले दोघे. त्यांनी हिमात उभा खड्डा खणला आणि त्याची भिंत वाचायला सुरुवात केली. भूगोलाच्या तासाला आपण मातीचे थर दाखवतो, तसेच हे हिमाचे थर. प्रत्येक थर एकेका हिमवर्षावाचा. कोणता घट्ट, कोणता भुसभुशीत. थर किती कठीण आहे ते मोजायला हेफेली यांनी एक दांडा तयार केला. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकून तो हिमात ठोकायचा आणि किती आत गेला ते मोजायचे. १९३९ साली या गटाने हिम आणि त्याचे रूपांतर यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

रूपांतर हा यातला कळीचा शब्द. पडलेले हिम जसेच्या तसे राहत नाही. हिमाच्या थराखालची जमीन साधारण शून्य अंश सेल्सिअसला असते, तर वरचा पृष्ठभाग थंड रात्री उणे पंधरापर्यंत जाऊ शकतो. थर जाड असेल तर हा फरक मोठ्या अंतरात विभागला जातो. पण थर पातळ असेल आणि दर मीटरला दहा अंशांहून जास्त फरक पडत असेल, तर खालच्या उबदार भागातले बाष्प वर सरकते आणि वाटेत नव्याने गोठते. त्यातून कंगोरे असलेले मोठे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांना नीट चिकटत नाहीत. हातात घेतले तर साखरेसारखे ओघळतात. त्यावर नवे हिम पडून, वाऱ्याने दाबले जाऊन लादीसारखे घट्ट झाले, की सापळा तयार झाला. माणसाच्या वजनाने खालचा कच्चा थर एका जागी मोडतो, ती मोड क्षणात दूरवर पसरते आणि अख्खी लादी सुटते. मोठ्याने ओरडल्याने हिम कोसळते ही सिनेमातली कल्पना. प्रत्यक्षात बळी गेलेल्या बहुतेकांच्या अंगावर आलेली लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेली असते. अशा बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. हे दोन्ही कोन कंपासपेटीतल्या गुण्यांवर मिळतात. विद्यार्थ्यांना ते उभे धरून दाखवावेत.

वर्गात एक प्रयोगही करता येईल. फळीवर खरखरीत कापड ताणून बसवा. त्यावर मैद्याचा थर द्या, त्यावर साखरेचा पातळ थर, आणि वर पुन्हा मैदा घालून तळहाताने दाबा. आता फळीचे एक टोक सावकाश उचला आणि कोनमापकाने कोन मोजा. मग साखर न घालता हाच प्रयोग करा. दोन्ही वेळा थर कुठे सुटतो आणि किती कोनाला, याची तुलना करा. मिळणारा कोन हिमाचा नसेल, पण कच्चा थर कुठे दडलेला असतो ते डोळ्यांना दिसेल.

१९५०-५१ चा हिवाळा आल्प्समध्ये भयंकर ठरला. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे हिमस्खलनात दगावली. त्यानंतर गावांवरच्या उतारांवर मोठ्या प्रमाणात आडवे बांध आणि कुंपणे उभी राहिली. याच हिवाळ्यात एडवर्ड लाशापेल हा अमेरिकन तरुण दावोसला शिकत होता. पुढे तो यूटा राज्यातल्या अल्टा येथे माँटगोमेरी ॲटवॉटर यांच्याबरोबर काम करू लागला, आणि हिमाची विद्या अमेरिकेत रुजली. १९६८ साली जॉन लॉटन यांनी अंगावर बाळगायचा छोटा रेडिओसंच बनवला. गाडलेल्या माणसाच्या संचातून निघणारा संदेश सोबत्यांच्या संचावर ऐकू येतो. हा संच, हिमात खुपसायची लांब काठी आणि फावडे या तीन वस्तू आज हिवाळी भटकंतीत प्रत्येकाजवळ असाव्या लागतात.

प्रत्येकाजवळ का? १९९४ साली मार्कुस फाल्क, हेरमान ब्रुगर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये स्वित्झर्लंडमधील नोंदी मांडल्या. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९२ टक्के जिवंत होते, तर पस्तिसाव्या मिनिटाला हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात ही पहिली सुरक्षित मुदत दहा मिनिटांवर आली. इतक्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही. जवळ असतात ते फक्त सोबती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर गाडल्या गेलेल्या दहा जवानांपैकी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण तो अपवाद होता आणि तेही पुढे वाचले नाहीत. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता. भारतात या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे संस्था स्थापन झाली, ती मुख्यतः अशाच सीमेवरच्या माणसांसाठी.

तर, थर वाचता येऊ लागले, साधने मिळाली, शिकवणारे वर्ग निघाले. मग शिकलेली माणसे का मरतात? इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले अमेरिकेतले ७१५ अपघात तपासले. बहुतेक वेळा धोक्याच्या खुणा उघड दिसत होत्या. तरी माणसे गेली. कारण उतार ओळखीचा होता, किंवा कोणाच्या तरी पाऊलखुणा आधीच उमटल्या होत्या, किंवा गटातला अनुभवी माणूस पुढे होता. ओळखीच्या उतारावर तर चांगले प्रशिक्षण घेतलेले गटही जवळजवळ न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करताना आढळले.

याचे मूळ आम्हाला हिमाच्या स्वभावात दिसते. शाळेत गणित चुकले तर वहीत लाल फुली पडते आणि मूल सुधारते. धोकादायक उतार मात्र बहुतेक वेळा कोसळत नाही. चुकीचा निर्णय घेऊन गेलेला माणूस पलीकडे सुखरूप पोहोचतो आणि समजतो, आपले उत्तर बरोबर होते. दहा वेळा असे झाले की त्याला तो अनुभव वाटू लागतो. चुकलेल्या उत्तराला बरोबरची खूण देणारा हा शिक्षक आहे. लाल फुली तो क्वचितच देतो आणि तिच्यानंतर वही उरेलच असे नाही.

म्हणून आज हिमाचे वर्ग खड्ड्यापाशी थांबत नाहीत. कुठून मागे फिरायचे हे निघण्यापूर्वी, घरीच ठरवायला शिकवतात. गटातल्या सर्वांत नवख्या माणसालाही ‘नको’ म्हणता आले पाहिजे आणि तेवढ्यावर सगळ्यांनी थांबले पाहिजे, हा नियम शिकवतात. सुखरूप परत आल्यावरही ‘आपण बरोबर होतो, की नुसते वाचलो?’ असे एकमेकांना विचारायला लावतात.

आपल्याकडे पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा ओलांडताना, धबधब्याखालच्या डोहात उतरताना हेच घडते. ‘गेल्या वर्षी गेलो होतो, काही झाले नाही’ हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असतेच. पुढच्या सहलीआधी ते फळ्यावर लिहून त्यावर वर्गात चर्चा करायला हरकत नाही.