ओ द कोलोन

ओ द कोलोन : लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सुवासिक वनस्पती यांची बाष्पनशील तेले अल्कोहोलात विरघळवून केलेले सौम्य सुगंधी द्रव्य. तेलांचे प्रमाण साधारणतः २ ते ५ टक्के. बर्गमॉट, लिंबू व संत्रे यांच्या सालींची तेले, कडू संत्र्याच्या फुलांचे नेरोली व पानांचे पेटिग्रेन, जोडीला रोझमेरी आणि लॅव्हेंडर हे त्याचे मुख्य घटक.

इटलीत जन्मलेल्या योहान मारिया फरीना (१६८५–१७६६) याने जर्मनीतील कोलोन शहरात हे द्रव्य नावारूपाला आणले. त्याची पेढी १७०९ पासूनची. इटलीतल्या पावसानंतरच्या वसंतातील सकाळची आठवण या वासाने होते, असे त्याने भावाला पत्रात कळवले होते. नेपोलियन या द्रव्याचा मोठा शौकीन होता. कोलोन शहरातीलच ग्लोकेनगासे या गल्लीतल्या घराच्या क्रमांकावरून ‘४७११’ हे प्रसिद्ध कोलोन ओळखले जाते.

बर्गमॉट हे इटलीच्या कॅलाब्रिया भागातले आंबट फळ. त्याच्या सालीवरच्या बारीक ग्रंथी फुटल्या की तेल बाहेर येते. पूर्वी साल हाताने स्पंजावर दाबत आणि तेल शोषलेला स्पंज भांड्यात पिळून घेत. वास लिंबासारखा तरतरीत, पण त्यात फुलांचा मऊपणा असतो. कोलोनला कोरड्या आंबटपणापासून वाचवतो तो हाच.

सालींच्या तेलांतील लिमोनीन झपाट्याने उडते. त्यामुळे पहिला तजेला तासाभरातच ओसरतो. नेरोली व वनस्पतींचा वास थोडा मागे रेंगाळतो. ‘वास टिकतो किती?’ ही अत्तराची कसोटी कोलोनला लावणे अन्यायाचे आहे. ते ओंजळीत घेऊन मानेला, दंडांना, मनगटांना सढळ हाताने चोळावे आणि दुपारी पुन्हा लावावे. उडणारे अल्कोहोल त्वचेतील उष्णता घेऊन जाते, म्हणून गारवा वाटतो. तापात कपाळावर कोलनवॉटरच्या, म्हणजे याच द्रव्याच्या, घड्या ठेवण्याची मराठी घरांतली जुनी रीत याच गुणावर आधारलेली होती. दमट हवेत घाम वाळत नाही तेव्हा जड, गोड सुगंध गुदमरवतात. तिथे कोलोनसारखा दुसरा सुगंध नाही.

एक दक्षता मात्र आवश्यक. बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टेन असते. ते त्वचेवर असताना कडक ऊन लागले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन तपकिरी डाग उरतात. मानेवरून ओघळलेल्या थेंबांच्या आकाराचेच हे डाग पडत, आणि वैद्यकात त्यांची स्वतंत्र नोंद आहे. आता बरेच उत्पादक बर्गॅप्टेन काढलेले तेल वापरतात. तरीही घरगुती किंवा घटक न छापलेले कोलोन उन्हात निघताना अंगाऐवजी रुमालावर घ्यावे. उष्णतेने व उजेडाने लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होऊन वास बिघडतो आणि त्वचेला त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून बाटली खिडकीत न ठेवता बंद कपाटात ठेवावी.