काचेच्या पेटीचा ताळेबंद



नातवाच्या वाढदिवसाला कुणीतरी काचेचा गोल बाऊल दिला आणि त्यात पाच गोल्डफिश. आमच्या घरात पाणीसुद्धा दुहेरी फडक्याने गाळून घेतात, तिथे जिवंत मासे शोभेला! पण मी नको म्हणेपर्यंत बाऊल टीव्हीशेजारी जाऊन बसलाही होता. आठवड्यात दोन मासे गेले. "आजी, ते सारखे वर येऊन तोंड का उघडत होते?" नातवाने विचारले. मला उत्तर देता येईना. दुकानदार म्हणाला, "त्यात काय, दोन नवे घेऊन जा." मी रिकाम्या हाताने परत आले. म्हटले, आधी हे समजून घेऊ की एवढ्या पाण्यात जीव किती राहतात. शोधता शोधता इतिहासातच शिरले.

गोल्डफिश मूळचा चीनचा. तिथल्या नद्यांतल्या करड्या माशांत क्वचित एखादा सोनेरी निघे. असे मासे मारायचे नाहीत म्हणून बौद्ध लोक त्यांना मठांच्या तळ्यांत सोडत. सुंग राजवटीत (९६० ते १२७९) ते हौसेने पाळू लागले आणि पुढे घरातल्या रुंद तोंडाच्या कुंड्यांत ठेवू लागले. म्हणजे सुरुवात जीवदयेने झाली आणि शेवट शोभेत. सतराव्या शतकात हे मासे युरोपात पोहोचले. तिथे ते काचेच्या भांड्यात ठेवत, पाणी सारखे बदलत, तरी मरत.

वनस्पती बिघडलेली हवा सुधारतात हे जोसेफ प्रीस्टलीने १७७० च्या दशकात दाखवले होते. त्यासाठी उजेड लागतो, हे यान इंगेनहाउसने १७७९ मध्ये. हे ज्ञान माशांच्या भांड्याला लावून पाहिले लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने. हा औषधविक्रेत्यांच्या संस्थेतला रसायनतज्ज्ञ. १८४९ मध्ये त्याने १२ गॅलनच्या भांड्यात वाळू, दगड आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पात्यांची पाणवनस्पती लावली आणि मासे सोडले फक्त दोन. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणल्या. त्यांनी कुजके खाल्ले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी न बदलता स्वच्छ राहिले. पुढच्या वर्षी त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले.

मी बी.कॉम. झालेली बाई. मला हे वाचून आमच्या सरांचा ताळेबंदच आठवला. एका बाजूला माशाचा श्वास आणि मळ, दुसऱ्या बाजूला वनस्पतीचा प्राणवायू आणि गोगलगायीची झाडलोट. दोन्ही बाजू जुळल्या तर पेटी चालते. बारा गॅलन म्हणजे जवळजवळ ५४ लिटर, माशी २७ लिटर. आमच्या बाऊलमध्ये पाणी होते सहा लिटर आणि मासे पाच!

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. त्यात फिलिप हेन्री गॉसचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्याचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले आणि अक्वेरियम हा शब्द घरोघरी गेला. समुद्रकाठची डबकी उपसून लोक पेट्या भरू लागले. ती सुंदर डबकी कशी ओस पडली आणि वडिलांना त्याचे किती दुःख झाले, हे गॉसच्या मुलाने १९०७ च्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकाचा हा परिणाम वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

वॉरिंग्टनच्या हिशेबातही एक खाते राहून गेले होते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि तो विषारी असतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात, वाढायला काही आठवडे लागतात. शिवाय ऊन तापले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. शून्य अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम ७.५. आणि काठोकाठ भरलेल्या गोल बाऊलचे तोंड अरुंद, म्हणजे हवा शिरायची वाटही लहान. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

मग उरलेल्या तिघांचे काय? नदीत सोडावेत, असे शेजारच्या वहिनी म्हणाल्या. पण आपण जिवाणी सोडतो ती ज्या पाण्यातली त्याच पाण्यात. हे मासे आपल्या नदीचे नव्हेत. जगले तर तिथल्या माशांच्या तोंडचा घास घेतील, नाहीतर दुसऱ्या माशांच्या पोटात जातील. दुकानात परत दिले तर पुन्हा बाऊलमध्ये.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो. त्यांत 'बंध' पहिला आहे आणि 'अतिभारारोपण'ही आहे. बैलावर जास्त ओझे लादू नये, एवढाच त्याचा अर्थ मी आजवर घेत आले. सहा लिटर पाण्यावर पाच जीव लादणे हेही तेच, हे साठी उलटल्यावर कळले.

यांनी कुरकुर केली, पण पेटी घेतली: ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, पाणी ४० सेंटिमीटर. म्हणजे १६२ लिटर. हे मासे वीतभर वाढतात, म्हणून वॉरिंग्टनच्या दुप्पट, माशी ५४. गाळणारा पंप लावला. नळाचे पाणी क्लोरीनचा उतारा घालून मगच पेटीत जाते. गोगलगायी आणल्या नाहीत, आणखी जीव कशाला कोंडायचे? ते काम मीच करते, दर रविवारी नळीने तळाचा गाळ काढून.

"आजी, एवढ्या मोठ्या पेटीत अजून दहा मावतील," नातू म्हणतो. मावतील, बाळा. पण परिग्रहाचे परिमाण आपण करतो ते घरात किती मावते हे पाहून नव्हे. आमचे परिमाण ठरले आहे: तीन. त्यांतला एक गेला की दोन, मग एक. गेलेल्याची जागा भरायची नाही. शेवटी पेटी रिकामी होईल तेव्हा तिच्यात माती भरून तुळशी लावू, असे नातवाशी ठरले आहे.