मरणाचे कारण : पोटदुखी

मागच्या वर्षी नातवाच्या जातपडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायची होती. वऱ्हाडात ज्यांच्या घरी हे काम निघाले असेल त्यांना जास्त सांगायला नको. पूर्वी गावात कोणी जन्मले, कोणी वारले की कोतवाल खबर देई आणि त्याची नोंद होई, तेच हे कोतवाल बुक. दोन चकरांनंतर आमच्या आजोबांची नोंद सापडली. सन १९३८. वय अंदाजे ५०. मरणाचे कारण - पोटदुखी.

नातवाचे काम झाले. माझ्या डोक्यात मात्र तो शेवटचा शब्द राहिला.

त्याला कारण होते. त्याआधी दोन महिने मला शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध समजून मी झाडपाल्याचे औषध घेत बसलो. शेवटी मुलगा रागावला आणि अकोल्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडे तपासायचे ठरवले. त्याआधी त्यांनी विचारले, "गुरुजी, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का? वडील, भाऊ, काका?" मी लगेच म्हणालो, "नाही, कोणालाच नाही."

पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला आणि स्वतःच्या घरचा इतिहास असा चुकीचा सांगितला!

बाबा १९७४ साली गेले. त्यांनाही रक्त जायचे. त्यांनाही घरात मूळव्याधच म्हणत. ऑपरेशनसाठी नेले, पोट उघडले आणि काही न करता पुन्हा शिवून टाकले. आम्हा मुलांना सांगितले, अल्सर होता. आता आत्याबाईंना विचारले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अल्सर कायचा रे, गोया होता पोटात. मोठ्या काकाच्याही होता." म्हणजे मोठ्यांना माहीत होते. फक्त त्या रोगाचे नाव घरात घ्यायचे नाही, असा अलिखित नियम होता.

इंग्रजी अमदानीत सरकार मृत्यू मोजत होते, पण मोजक्या सदरांत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात. यात न बसणारे सगळे "इतर". ज्या साथीची सरकारला भीती, तिचे वेगळे सदर. शेतकऱ्याच्या पोटातला गोळा साथीने पसरत नव्हता, त्यामुळे तो "इतर"मध्ये जाई. हिंदुस्थानात कॅन्सर फारसा नाहीच, असेही तेव्हा म्हटले जाई. जे लिहिलेच नाही ते दिसणार कसे?

हे चित्र बदलायला सुरुवात झाली मुंबईत. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. आलेल्या रोग्याची गाठ तपासायची, आणि त्याबरोबर तो कोण, कुठला, काय खातो, काय चघळतो हेही पाहायचे, अशी त्यांची पद्धत. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. विडी ओढणे, तंबाखू चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे, म्हणजे तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कॅन्सर, यांचा संबंध त्यांनी तपासला होता. सत्तर वर्षे झाली त्याला. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, आणि आमच्या विदर्भातली खर्ऱ्याची पुडी अजूनही खिशात आहेच. असो.

पण परळला पोचत होता तो पोचणारा माणूस. आमच्या आजोबांसारख्याचे काय? त्यासाठी १९८७ साल उजाडावे लागले. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत कार्यकर्ते स्वतः जाऊ लागले. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचे, लक्षणे समजावायची, कोणाला तसे काही आहे का विचारायचे. मला हे वाचताना फार बरे वाटले. "इतर"मधली माणसे पहिल्यांदा नावानिशी कागदावर येत होती.

याच शोधाशोधीत एका परदेशी बाईची हकीगत वाचली. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनला डॉ. वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. ती त्यांना म्हणाली, आमच्या घरी सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. आणि ती तशीच गेली. पण डॉक्टरांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची नोंद केली आणि १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशीच दोन घराणी मांडली आणि १९९३ पासून त्यामागची जनुके सापडत गेली. सुरुवात कुठून? तर घरात कोण कशाने गेले हे एका बाईला ठाऊक होते आणि तिने ते उघड सांगितले, तिथून!

माझ्या आतड्यात एक मोड निघाला. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा अशा मोडातून, बऱ्याच वर्षांनी होतो. तो दुर्बिणीतूनच काढला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. बाबांच्या वेळी ही सोय आमच्यासारख्यांना नव्हती हे खरे, पण मला ती असूनही मी झाडपाला खात बसलो होतो.

आता माझ्या भाऊ-बहिणींना आणि पुतण्या-भाच्यांना सांगतो, कारण तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे. मी वंशावळीची जुनी वही काढली आहे. प्रत्येक नावापुढे वय आणि आजार लिहितो आहे. हा रोग दरवेळी घराण्यातून येतो असे मुळीच नाही, बहुतेकांना तसा नसतोच. आपल्या घरात काय आहे ते डॉक्टर ठरवतील. पण त्यांनी विचारले तर माझ्यासारखे "नाही" म्हणू नका. शौचावाटे रक्त, सवयीत झालेला बदल, विनाकारण घटणारे वजन, घास अडकणे, यातले काही असेल तर मूळव्याध किंवा पित्त म्हणून घरी बसू नका. चाळिशी आली असेल तर ही माहिती घेऊन एकदा डॉक्टरांकडे जा.

आजोबांच्या नावापुढे मी लिहिले, "पोटदुखी (कोतवाल बुकाप्रमाणे)". त्यापुढे अंदाज लिहिणे इतिहासाच्या मास्तराला शोभत नाही. बाबांच्या नावापुढे मात्र, आत्याबाईंना साक्षीला बसवून, पहिल्यांदा खरा शब्द लिहिला. लिहिताना हात थोडा थांबला. आत्याबाई म्हणाल्या, "लेह्य बाबू, आता काय लपवाचं."