हात आणि ग्रंथ

यंत्रविद्येचें विद्यापीठ म्हटलें म्हणजे इमारती व पदव्या डोळ्यांपुढें येतात. कोल्हापूरचा इतिहास आम्हांस निराळेंच सांगतो. येथें विद्या आधीं हातांत आली. पदवी मागाहून आली.

राजाराम कॉलेज १८८० सालीं निघालें, पण तें यंत्रविद्येचें नव्हतें. १९०६ सालीं शाहू छत्रपतींनीं कापडाची गिरणी उभारण्यास हात घातला आणि गांवच्या पोरांस यंत्राची ओळख झाली. पुढें उसाच्या मळ्यांस पाणी उपसणारीं तेलावरचीं इंजिनें येथील कारखान्यांतच तयार होऊं लागलीं. तीं घडविणाऱ्या पुष्कळ मिस्त्र्यांनीं कॉलेजाची पायरी चढलेली नव्हती.

तिकडे पुण्यांत १८५४ पासून स्थापत्य शिकविलें जात होतें. सांगलीस १९४७ सालीं अभियांत्रिकी कॉलेज निघालें. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या हस्तें कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें, आणि सांगलीचें तें कॉलेज त्याच्या छत्राखालीं आलें. केवळ तंत्रविद्येचें असें विद्यापीठ राज्याच्या कायद्यांत उतरण्यास मात्र १९८९ साल उजाडावें लागलें. तें रायगड जिल्ह्यांत लोणेरे येथें, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवें.

हा विस्तार आम्हांस इष्टच वाटतो. केवळ अंदाजानें ओतलेला धातु दहांदा साधतो. अकराव्यांदा कां बिघडला, तें सांगतां येत नाहीं. परंतु ज्या विद्यापीठाची वाट उद्यमनगरांतील भट्टीवरून जात नाहीं, तेथील पदवीधराची गत उलटी होईल : कारण सांगतां येईल, धातु ओततां येणार नाहीं.