नसलेल्या हाताची वेदना

देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एका मुलीची हकीकत नमूद करून ठेवली आहे. तिचा हात सडू लागला होता. शस्त्रवैद्य येई तेव्हा तिचे डोळे बांधीत. पुढे तो हात कोपरापासून कापावा लागला. पण तिला हे कळू न देता त्या जागी कापडाच्या घड्या बांधून ठेवल्या. मुलगी मात्र तक्रार करीतच राहिली, कधी या बोटात कळ येते, कधी त्या बोटात. बोटे तर केव्हाच गेली होती!

असे अनुभव देकार्तच्या आधी शंभर वर्षे आंब्रवाझ पारे या लष्करी शस्त्रवैद्याने जखमी शिपायांच्या तोंडून ऐकले होते. देकार्तने त्यांची उपपत्ती लावली. दाराच्या घंटेची दोरी मध्येच कोणी ओढली, तरी आत घंटा वाजतेच. तद्वत बोटांकडून येणारे मज्जातंतू कोपरापाशी चाळवले गेले, तरी मेंदूला बोटेच दुखल्याचे कळते. उपपत्ती चतुर खरी, परंतु ती अपुरी होती.

या विषयाला नाव मिळाले ते अमेरिकेतील यादवी युद्धानंतर. फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात डॉ. सायलस वीअर मिचेल मज्जातंतूंच्या जखमांवर उपचार करीत. हातपाय गमावलेल्या ९० जणांची त्यांनी विचारपूस केली, तेव्हा ८६ जणांना गेलेला अवयव जाणवत होता. कोणाची नसलेली मूठ इतकी आवळली जाई की नखे तळव्यात रुतल्याचा भास व्हावा. एकाने घोड्यावर असताना गेलेल्या हाताने लगाम धरू पाहिला, दुसऱ्या हाताने चाबूक मारला, आणि तो खाली आदळला.

मिचेल यांनी हे सारे प्रथम सांगितले ते वैद्यकीय नियतकालिकात नव्हे, तर १८६६ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात निनावी छापलेल्या एका कथेत! तिचा नायक जॉर्ज डेडलो पोटरीत गोळा आला म्हणून परिचारकास ती चोळावयास सांगतो. परिचारक पांघरूण दूर करून दाखवितो, तो दोन्ही पाय नाहीत. वाचकांना ही कथा इतकी खरी वाटली की कित्येकांनी त्या काल्पनिक जखमीसाठी वर्गणी पाठविली. वैद्यांनी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून खऱ्या जखमींना जे सांगणे कठीण जात होते, ते एका कल्पित माणसाने सांगताच लोकांस पटले, हे विलक्षणच म्हणावयाचे. पुढे १८७१ साली मिचेल यांनी ‘फॅन्टम लिम्ब’ ही संज्ञा रूढ केली. आपण तिला छायावयव म्हणू.

शस्त्रवैद्य दीर्घकाळ दोष उरलेल्या खुंटातच शोधीत राहिले. दुखते म्हणून खुंट पुन्हा कापावा, तरी कळ कायमच, असे कित्येकांच्या वाट्याला आले. १९३७ साली माँट्रिअलचे पेनफील्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्स्पर्श करून शरीराचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात हाताच्या शेजारीच चेहऱ्याचा प्रदेश होता. त्या शेजाराचा अर्थ तमिळनाडूत जन्मलेले डॉ. रामचंद्रन यांनी १९९०नंतर लावला. हात गमावलेल्या काहींच्या गालाला स्पर्श करताच त्यांना तो नसलेल्या बोटांवर जाणवे. रिकाम्या प्रदेशात शेजारी शिरला असावा, असे त्यांचे अनुमान होते. १९९६ साली त्यांनी साध्या आरशाचा उपचार पुढे मांडला. धड हात आरशापुढे धरून मूठ उघडली की प्रतिबिंबात दुसरा हात उघडल्यासारखा दिसे, आणि काहींची आवळलेली छायामूठ सैल होई. सर्वांना मात्र गुण आला नाही.

शेजाऱ्याच्या या अतिक्रमणाविषयीही आता शंका घेतली जाते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन व्यक्तींच्या मेंदूची चित्रे हात कापण्यापूर्वी व नंतरही घेण्यात आली. नसलेली बोटे हलविण्यास सांगितले, तेव्हा मेंदूतील तोच जुना भाग पूर्वीसारखाच जागा झाला.