बापाचं मृत्युपत्र आणि कायद्याचं संशोधन

एलएल.एम. झालेली ओळखीची एक मुलगी घरी आली. म्हणाली, “काका, कायद्यात पीएच.डी. करायची आहे, पण विषयच सापडत नाही.” मी पडलो बी.ए. झालेला कवी. मी काय विषय देणार? पण एक जुनी गोष्ट आठवली, ती तिला सांगितली. मित्रहो, तीच आज तुम्हालाही सांगतो.

गोष्ट कलकत्त्याची. प्रसन्नकुमार टागोर हे तिथले मोठे वकील आणि जमीनदार. त्यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढं १८६२ मध्ये तो इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. पण बापाचं मन वळलं नाही. १८६८ मध्ये प्रसन्नकुमार वारले, तेव्हा मृत्युपत्रात मुलाच्या नावे काहीच नव्हतं. इस्टेट पुतण्याकडे, जतींद्रमोहनकडे जावी आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या केवळ पुरुष वारसांकडेच राहावी, अशी तजवीज होती. त्याच मृत्युपत्रात कलकत्ता विद्यापीठात कायद्याच्या व्याख्यानांसाठी एक अध्यासनही नेमून दिलं होतं.

मुलगा कोर्टात गेला. १८७२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला. बाप मुलाला वगळू शकतो, हे मान्य झालं. पण जे अजून जन्मलेच नाहीत त्यांना इस्टेट देता येत नाही. वारसाहक्काची नवी रीत घरच्या घरी निर्माण करता येत नाही, असं कौन्सिलनं सांगितलं. जतींद्रमोहनला हयातीपुरताच उपभोग मिळाला.

मेलेल्या माणसाचा हात इस्टेटीवर किती काळ राहावा? घरातल्या भांडणातून निघालेला हा प्रश्न आता अभ्यासाचा झाला. १८८४ मध्ये टागोर अध्यासनावरून सय्यद अमीर अली मुसलमानांमधील दान, विश्वस्तनिधी आणि मृत्युपत्रं यांच्या कायद्यावर बोलले. मूळचे गणिताचे विद्यार्थी असलेले आशुतोष मुखर्जी १८९४ मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले. १८९८ च्या व्याख्यानांसाठी त्यांनी विषय घेतला तो नेमका हाच: इस्टेट कायमची बांधून ठेवण्यावर कायद्याची मर्यादा कोणती? ज्या प्रश्नावर दात्याचं स्वतःचं मृत्युपत्र अडलं, तोच प्रश्न त्याच्याच पैशानं उभ्या राहिलेल्या अध्यासनावरून तपासला गेला. पुढं १९१६ च्या कायद्यानं, काही मर्यादा घालून, न जन्मलेल्यांना दान देण्याची वाट हिंदूंना मोकळी झाली.

बापानं इस्टेट बांधून ठेवू पाहिली, ती बांधली गेली नाही. विद्येसाठी दिलं, तिथं मात्र त्यानं उत्तर बांधून दिलं नव्हतं. म्हणून ते टिकलं.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आमच्याही घरात आत्याच्या वाट्याचा एक दावा पंधरा वर्षं चाललाय.”

मी म्हटलं, “बेटा, मग विषय शोधायला बाहेर कशाला जातेस? त्या दाव्याचे कागद आधी नीट वाच.”