आठवे घर

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या आहेत. माळ्यावरच्या अडगळीत पिल्ले झाली की चार दिवसांनी ती एकेकाला मानेच्या कातड्याला धरून उचलते आणि शेजारच्या वळचणीत नेऊन ठेवते. तिथून पुढच्या घरातल्या कणगीमागे, मग कोणाच्या तरी गोठ्यात. सात ही संख्या कोणी मोजली कोण जाणे. पण ती जागा बदलते हे खरे, आणि त्याचे कारणही साधे आहे. बोक्याची भीती आणि माणसाचा वावर. सात घरे झाली की पिल्ले पायांवर उभी राहतात, आई हळूहळू दूर होते, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. आठवे घर कोणते?

या प्रश्नाचे आपल्याकडचे रूढ उत्तर गोणपाटात होते. पिल्ले पोत्यात घालायची, तोंड बांधायचे आणि नदीपलीकडे नेऊन सोडायची. मारायची मात्र नाहीत. कारण मांजर मारले तर त्या पापाच्या फेडीसाठी काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते. मांजराएवढे सोने बाळगणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत मला अजून भेटलेला नाही, तेव्हा ही समजूत मांजरांच्या चांगलीच पथ्यावर पडली. इंग्रजांना काशी नव्हती. तिथले उत्तर बादलीत होते. डोळे उघडण्याआधी पिल्ले पाण्यात बुडवून टाकायची. हे घरातले एक काम, धुणेभांडी तसेच तेही, आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. त्याच इंग्रजांच्या राजधानीत रस्त्यातल्या पिल्लाला घर शोधून देण्याचा उद्योग उभा राहिला. तो उभा राहायला शंभर वर्षे लागली, आणि मध्ये एक आठवडा असा आला की सारे धुऊन निघते की काय असे वाटावे. ती ही हकिकत.

विद्यार्थ्यांना इंग्लंडचा इतिहास शिकवताना आम्ही १८३२ चा सुधारणा कायदा घोकून घेतो. १८२२ चा मार्टिनचा कायदा कोणी विचारत नाही. रिचर्ड मार्टिन हा आयर्लंडमधला पार्लमेंटचा सभासद. गुराढोरांना क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे, असे त्याने कायद्यात लिहवून घेतले. दोन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनमधल्या एका कॉफीगृहात मंडळी जमली आणि प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी संस्था निघाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचलेला विल्बरफोर्स त्या संस्थापकांत होता. मांजर मात्र १८२२ च्या कायद्यात कुठेच नव्हते. घोडा ओढतो, बैल राबतो, मेंढी लोकर देते. मांजर काय देते? कायदा तेव्हा जनावराच्या कळवळ्यापेक्षा त्याच्या किमतीकडे पाहत होता, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

पुढची पायरी एका बाईने चढली. मेरी टील्बी हिचा जन्म १८०१ चा. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती लंडनच्या इस्लिंग्टन भागात धर्मोपदेशक असलेल्या भावाकडे राहत होती. वय साठीकडे झुकलेले, जवळ पैसा बेताचा. एकदा तिच्या एका मैत्रिणीला रस्त्यात उपासमारीने निपचित पडलेले कुत्रे सापडले. दोघींनी मिळून त्याची शुश्रूषा केली. पण ते जगले नाही. एक कुत्रे मेले, एवढीच घटना. लंडनमध्ये रोज कितीतरी मरत असतील. टील्बीबाईंनी मात्र तिथेच न थांबता ऑक्टोबर १८६० मध्ये हॉलोवे येथे एका तबेल्यात ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर’ उघडले.

त्यांची टर उडाली. ‘टाइम्स’सारख्या पत्रानेही उपहास केला. रस्त्यावर माणसांची पोरे उपाशी असताना या बायांना कुत्र्यांचा पुळका कसला, हा आक्षेप तेव्हाचा आणि आजचाही. त्याला खरे उत्तर मिळाले ते चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकातून. १८६२ मध्ये तिथे एक लेख आला. एकीकडे बक्षिसे मिळवणाऱ्या खानदानी कुत्र्यांचे थाटामाटाचे प्रदर्शन आणि दुसरीकडे हॉलोवेच्या तबेल्यातली हाडाडलेली बेवारशी कुत्री, अशी ती तुलना होती. अनाथ पोरांची दुःखे ज्याने इंग्लंडच्या डोळ्यांपुढे आणली, त्याच्याच पत्रात हा लेख यावा, यातच आक्षेपाचे उत्तर आले. टील्बीबाई १८६५ मध्ये वारल्या. त्यांचे ‘घर’ १८७१ मध्ये टेम्सच्या दक्षिणेला बॅटर्सी येथे हलले आणि तिथे ते आजही आहे.

पण मांजरांना त्या दारातून आत यायला १८८३ साल उजाडले. एवढा उशीर का? कुत्रे हरवते, मांजर हरवत नाही. ते फक्त कुठेतरी गेलेले असते. कुत्र्याला गळपट्टा असे, परवाना असे, तो मोकाट सापडला तर पोलीस धरून नेई. मांजराला मालक आहे की नाही हे त्या मालकालाही नक्की सांगता येत नाही. उन्हाळा आला की लंडनची सुखवस्तू कुटुंबे घराला कुलूप लावून समुद्रकाठी जात, आणि मांजर पायरीवर राही. ते उंदीर मारून जगेल, अशी समजूत. ते जगत नसे.

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. या ‘घरां’तून सगळ्यांना घरे मिळत, असे वाचकांनी समजू नये. ज्याला कोणी मागणी करीत नसे त्याला काही दिवसांनी झोपवले जाई. बॅटर्सीला १८८४ मध्ये सर बेंजामिन रिचर्डसन या नामांकित डॉक्टराने त्यासाठी एक बंद कोठडी तयार करून दिली. वायूने जनावर वेदनेशिवाय मरावे अशी तिची रचना होती. ज्यांनी ती बसवून घेतली ते क्रूर नव्हते. आणणारे शेकडो, नेणारे थोडे. जागा संपली की दयेला एवढाच मार्ग दिसत होता.

आणि इथेच मला मुंबई आठवते. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला, दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ स्थापन केली. म्हणजे टील्बीबाईंच्या तबेल्याच्या सव्वीस वर्षे आधी! पुढे १८८३ मध्ये, बॅटर्सीने मांजरांना दार उघडले त्याच साली, परळला दिनशा पेटिटांच्या देणगीतून जनावरांचे इस्पितळ निघाले. पण पांजरापोळ आणि बॅटर्सी यांच्या विचारात मूळचाच फरक आहे. पांजरापोळीत आलेले जनावर मरेपर्यंत तिथे राहणार. त्याला कोणी मारणार नाही, आणि कोणी बोट धरून घरीही नेणार नाही. बॅटर्सीत एक तर घर, नाही तर कोठडी. आपल्या परंपरेने जीव वाचवला. घर देण्याचा विचार तिला क्वचितच सुचला. इंग्रजांनी घर शोधले आणि ते न मिळाल्यास जीव घेतला. दोहोंत श्रेष्ठ कोण हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. पांजरापोळीचा मला अभिमान आहे. पण एखादे पिल्लू मांडीवर घेऊन बसलेले पोर पाहिले की वाटते, नुसते जिवंत राहणे त्या पिल्लालाही पुरत नसावे.

मांजराच्या बाजूने शास्त्राची साक्ष निघाली ती मात्र आपल्या वऱ्हाडात. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उद्भवला आणि पुढची कित्येक वर्षे त्याने देश पोखरला. उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवा हे त्याचे वाहन, हे कळल्यावर अमरावतीच्या बुकॅनन या लष्करी डॉक्टराने गावोगावची मांजरे पाहिली. जिथे घरोघरी मांजरे आहेत तिथे प्लेग कमी, असे त्याचे म्हणणे, आणि ते त्याने १९०८ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. आज आपल्याला ठाऊक आहे की मांजरालाही प्लेग होतो, तेव्हा हा उपाय दिसतो तितका निर्धोक नाही. पण ज्याला कायदा निरुपयोगी मानत आला त्या जनावराची बाजू एका सरकारी डॉक्टराने घेतली, ही नवलाचीच गोष्ट.

नुसत्या मांजरांसाठी काढलेली मोठी संस्था लंडनमध्ये १९२७ साली कॅक्स्टन हॉलमधल्या सभेत जन्मली. मांजर संरक्षक संघ हे तिचे नाव. त्या मंडळींना एक हिशेब नीट कळला होता. मांजरी नऊ आठवड्यांत विते, वर्षात दोन-तीनदा विते. घरे कितीही शोधली तरी पिल्ले त्यांच्यापुढे धावणार. म्हणून घर शोधण्याबरोबर नसबंदीचा प्रचार त्यांनी हाती घेतला. त्या काळी सभ्य बैठकीत हा विषय काढणे म्हणजे धाडसच. प्रचार हळूहळू रुजत होता. बादली मागे पडत होती.

मग ३ सप्टेंबर १९३९ आला. युद्ध पुकारले गेले. हवाई हल्ल्यांत जनावरांचे काय करावे यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे पत्रक आधीच घरोघर पोचले होते. शक्य असेल तर प्राण्यांना खेड्यात पाठवा, कोणाच्या स्वाधीन करता येत नसेल तर त्यांना मारून टाकणे हीच खरी दया, असा त्याचा आशय. खाली जनावरे मारण्याच्या पिस्तुलाची जाहिरातही होती. सार्वजनिक आश्रयस्थानांत प्राण्यांना मज्जाव होता. मुले खेड्याकडे रवाना झालेली, बाप फौजेत जाण्याच्या बेतात, आणि आया टोपलीत मांजर घेऊन पशुवैद्याच्या दारात रांगेत उभ्या. पहिल्या आठवड्यात लंडनमध्ये सुमारे चार लाख कुत्री-मांजरे मारली गेली, असा अंदाज आहे. आजारी नव्हेत, बेवारशी नव्हेत. आदल्या रात्री कोणाच्या तरी पांघरुणात झोपलेली.

बाँब पडला असता तर या घाईला काही अर्थ तरी होता. लंडनवर तो पडायला पुढे जवळजवळ वर्ष लागले. सरकारने सक्ती केली नव्हती, शत्रू अजून दूर होता, आणि प्राणिमित्र संस्था थांबा म्हणून सांगत होत्या. बॅटर्सीच्या व्यवस्थापकांनी घाई करू नका असे बजावले आणि जमतील तितकी जनावरे सांभाळली. नीना, डचेस ऑफ हॅमिल्टन, हिने लंडनमधले आपले घर उघडले. माणसे पाठवून गरीब वस्तीतून कुत्री-मांजरे गोळा केली आणि त्यांना विल्टशरमधल्या आपल्या फर्न येथील मळ्यावर पोचवले. चार लाखांपुढे शेकड्यांचा हिशेब तो कितीसा! पण त्या आठवड्यात असे कोणी केले, याची नोंद राहिली पाहिजे.

काळाचा सूड पाहा. मांजरे गेली आणि उंदीर माजले. अन्न मोजून मिळण्याचे दिवस. प्रत्येक पोते मोलाचे. मग गोदामात राखण करणाऱ्या मांजरांना सरकारने दुधाच्या भुकटीचा वाटा मंजूर केला! ज्यांची मांजरे गेली होती ते पिल्लांसाठी हिंडू लागले. युद्धानंतर ही कामे अधिक शहाणपणाने होऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात बेवारशी मांजरे पकडून, नसबंदी करून, पुन्हा त्याच जागी सोडण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. खूण म्हणून कानाचे टोक छाटतात. पिल्ले मात्र परत सोडायची नाहीत. जन्मल्यापासून दोन ते सात आठवड्यांच्या आत ज्याला माणसाचा हात लागला ते पिल्लू माणसाचे होते. ती वेळ टळली की त्याला घर मिळूनही ते घरचे होत नाही. म्हणजे आठवे घर शोधायला घटका मोजूनच मिळालेल्या असतात.

शेवटी एका पिल्लाची गोष्ट. मार्च १९४८. हाँगकाँगजवळच्या स्टोनकटर्स बेटावर इंग्रजांच्या ‘अ‍ॅमेथिस्ट’ या युद्धनौकेवरील सतरा वर्षांच्या जॉर्ज हिकिनबॉटम या खलाशाला एक काळे-पांढरे मांजर सापडले. आजारलेले, हाडे वर आलेली. त्याने ते अंगरख्याखाली लपवून बोटीवर आणले. नाव ठेवले सायमन. कप्तान रागावेल ही भीती. पण सायमन कप्तानाच्या टोपीतच झोपू लागला. २० एप्रिल १९४९ रोजी यांगत्से नदीत चिनी कम्युनिस्टांच्या तोफांनी बोट फोडली. नवे कप्तान प्राणघातक जखमी झाले. सायमनच्या अंगात तोफगोळ्याचे तुकडे घुसले. रात्र काढणार नाही असे वाटत असताना तो उठला. अडकलेल्या बोटीत अन्न थोडे, उंदीर मुबलक. तीन महिने त्याने उंदीर मारले आणि जखमी पोरांच्या खाटांवर बसून राहिला. ३० जुलैच्या रात्री बोट निसटली.

१ नोव्हेंबरला ती प्लिमथला लागली. खलाशांचे जंगी स्वागत झाले, सायमनला मात्र नियमाप्रमाणे विलगवासात ठेवले. २८ नोव्हेंबर १९४९ रोजी तो तिथेच वारला. युद्धातल्या प्राण्यांना दिले जाणारे डिकिन पदक त्याच्या नावे दिले गेले. ते मिळालेले मांजर आजवर तेवढे एकच. लंडनजवळ इलफर्ड येथे प्राण्यांच्या दफनभूमीत त्याला पुरले आहे. १९३९ च्या त्या आठवड्यातली मांजरे जिथे हजारोंनी पुरली, ती जमीनही इलफर्डचीच.